रुसलेला मेव्हन

भाईंदर (पूर्व)
रविवार, १ जून २००८

चि. अनिश,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला दुसरं काही कामच उरलेलं नाही. तू आणि संचिता बंगलोरला मजेत असाल. संचिताने पाठवलेला कुर्ता दंडात जरा घट्ट झाला, तो मी उसवून घेतलाय, तिला बोलू नकोस. रत्नागिरीहून दाजींनी फणसपोळी पाठवली आहे, ती या पत्राबरोबर कुरिअरने येईल. सगळी एकट्याने खाऊ नकोस.

फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर तू "आई, पटकन बोल" म्हणतोस आणि मग पटकन बोलता येण्यासारखं जे असेल तेवढंच माझ्याकडून बोललं जातं. हे पटकन सांगण्यासारखं नाही. टाइप करून पाठवलं असतं तर हापिसाचं पत्र वाटलं असतं, म्हणून हाताने लिहितेय. अक्षर लागेल तुला.

दुपारचा मी फोन उचलत नाही म्हणून तू शेजारी आशाला विचारलंस. तिने सांगितलं, मंदावहिनी भजनी मंडळात जातात. अनिश, माझा गळा तू लहानपणापासून ऐकतोयस. तरी तुझा विश्वास बसला?

मी नोकरी करते. मार्चपासून, दहा ते चार. आणि कुठे, तर सॉफ्टवेअर कंपनीत! हसून झालं असेल तर पुढे वाच.

कंपनी कुठली ते ओघात येईलच. आधी काम सांगते. एका शिक्षणसंस्थेच्या चाळीस शाळा आहेत. त्यांना शाळा सोडल्याचे दाखले आणि गुणपत्रकं मराठीत छापून देणारा प्रोग्राम बनतोय. मी खोट्या मुलांची नावं भरायची, दाखला छापायचा आणि एकेक अक्षर तपासायचं. सोपी नावं घालून काही कळत नाही, म्हणून मी मुद्दाम अवघड जोडाक्षरांची काढते. आजपर्यंत निदान शंभर ज्योत्स्ना आणि तितकेच हृषीकेश माझ्या हातून शाळा सोडून गेलेत. वर्तणूक सगळ्यांची उत्तम लिहिली आहे.

तिथे फ्लेव्हिया म्हणून एक मुलगी आहे, उत्तनची. प्रोग्राम तीच लिहिते. पहिल्याच आठवड्यात ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आंटी, मेव्हन आज परत अडून बसलाय. काय पण ऐकत न्हाय."

मला वाटलं, हिच्या घरी लग्न आहे आणि कोणाचा तरी मेव्हणा रुसलाय. मी म्हटलं, "मानपानात काहीतरी राहिलं असेल. काय हवंय ते नीट विचार आणि देऊन मोकळी हो."

ती इतकी हसली की चहा सांडला. मग म्हणाली, "आंटी, कसला बरोबर बोललात!"

तुला मेव्हन काय ते मी समजावणं म्हणजे गंमतच आहे, तरी ऐक, माझं बरोबर आहे का बघ. प्रोग्राम कोणी एकटा सगळा लिहीत नाही. त्यातले पुष्कळ तुकडे जगभरातल्या दुसऱ्या लोकांनी आधीच करून नेटवर ठेवलेले असतात. कोणता तुकडा, कितव्या नंबरचा, याची एक यादी असते. मेव्हन ती यादी वाचतो, तुकडे नेटवरून आणतो, एकेक प्रत मशीनमधल्या आपल्या कोठीत ठेवतो आणि सगळं जोडून देतो. यादीतलं एक जरी मिळालं नाही, की बसला रुसून. मेव्हणाच तो!

आणि अनिश, मेव्हनला आज्ञा द्यायचा तो काळा पडदा मला फार आवडला. माऊस नाही, चित्रं नाहीत. टाइपरायटरवर कागद चढवल्यासारखं वाटतं आणि बोटं आपोआप चालायला लागतात. आता रोज सकाळी पहिलं काम माझ्याकडे असतं. "एमव्हीएन क्लीन इन्स्टॉल" टाइप करायचं आणि एंटर. एमव्हीएन म्हणजे मेव्हनला हाक, क्लीन इन्स्टॉल म्हणजे कालचा केर काढ आणि सगळं नव्याने मांड. हे सांगायला त्यांना माझ्यासारखीच बाई हवी होती.

पण एक सांगते, तुमची ही पिढी वाचत नाही रे. पडद्यावरून शंभर ओळी धावतात, शेवटी "एरर" दिसलं की ही मुलं डोकं धरून बसतात. काय बिघडलंय ते वरती स्वच्छ लिहिलेलं असतं. मी त्याची प्रिंट काढते, पट्टी ठेवते आणि ओळ न ओळ वाचते. फोर्टातल्या हापिसात तीस वर्षं दुसरं काय केलं? इंग्रजी सगळं कळत नाही, पण एका ठिकाणी १.१ आणि दुसऱ्या ठिकाणी १.२ पडलंय हे दिसायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही. दोनदा चूक मी काढून दिली. फ्लेव्हियाने माझ्या खुर्चीमागे कागद चिकटवलाय, "बिल्ड डिपार्टमेंट". तुकडे जोडण्याला हे लोक बिल्ड म्हणतात. बाहेरून आलेल्या एकाला ते बिल्डरचं हापिस वाटलं आणि त्याने मला विचारलं, "मॅडम, इंद्रलोकमध्ये वन बीएचके का क्या रेट चल रहा है?"

बरं. आता कंपनी सांगते. नवघर गावात वैत्यांच्या घराची पुढची खोली.

हो, दिपेशची.

पत्र खाली ठेवू नकोस. तिथलं काम सोडल्यापासून तू दोन वर्षं त्याचं नाव काढलं नाहीस. का, ते विचारलं की, "आई, तुला नाही कळणार." म्हणून मी धरून चालले, कॉम्प्युटरमधलं काहीतरी भांडण असेल. ज्या मुलाने कॉलेजची चार वर्षं माझ्या हातचं जेवून "काकी, भात वाढा" म्हटलं, तो मार्चमध्ये भाजीच्या गाडीपाशी भेटला आणि खाली मान घालून म्हणाला, "काकी, मराठी टायपिंग येणारा कोनी गावत न्हाय." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं. तुला राग येईल म्हणून सांगितलं नाही. खरं कारण तेवढंच नाही. तुझे बाबा गेले, तू गेलास, घरात फार शांत झालं होतं रे. मला कोणीतरी हाक मारायला हवी होती.

गेल्या गुरुवारी तिथलं जुनं मशीन बंद पडलं. सगळी जोडणी त्या एकाच मशीनवर व्हायची. दिपेशने नवीन आणलं. प्रोग्रामची प्रत दुसरीकडे होती, ती आली. मी आज्ञा दिली. मेव्हन नेटवरून एकेक तुकडा आणत बसला, तास गेला, आणि शेवटी रुसला. दिपेश आणि फ्लेव्हिया नेटवर शोधत राहिले. "असला जार नेटवर हायेच न्हाय," दिपेश म्हणत होता. जार म्हणजे त्या तुकड्याची फाईल. मी गुपचूप प्रिंट काढली. चार पानं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, "मिसिंग". त्याखाली नंबर एक. आणि त्यापुढे नाव. शिवगण, मग अक्षरजोड, मग १.३.

आपलं आडनाव, अनिश. बेपत्ता म्हणून.

मी पट्टी तिथेच धरून बसले. दिपेशला विचारलं, "हे काय आहे?" तो कीबोर्ड पुसायला लागला. मी म्हटलं, मी काकी म्हणून विचारतेय. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. मराठी अक्षरं नीट जोडून छापणारा तो तुकडा तू घरी बसून, स्वतःसाठी केला होतास. तो नसला तर विद्यार्थीचं "वद्यिार्थी" होतं. नेटवर तो कधी नव्हताच, त्यांच्याकडची एकच प्रत जुन्या मशीनच्या कोठीत होती, ती मशीनबरोबर गेली. दिपेशने तो तुला न विचारता कंपनीच्या कामात टाकला आणि संस्थेच्या लोकांसमोर सांगितलं, हे आमच्या कंपनीने बनवलं. तू त्याच खोलीत बसला होतास. तू चहा संपवलास आणि निघून आलास. त्या दिवशी तू लवकर घरी आला होतास, मी तुला थालीपीठ केलं होतं आणि तू दोनच घास खाल्लेस. मला वाटलं, मीठ जास्त झालं.

हे कळायला मला कॉम्प्युटर यायची काही गरज नव्हती. सांगायचं होतंस.

मी दिपेशला चांगलं झापलं. त्याने ऐकून घेतलं. पण सोमवार, नऊ तारखेला पहिल्या शाळांना सीडी द्यायची आहे. संस्थेचं काम आधीच दोन वर्षं रखडलंय, आता चुकलं तर जाईल आणि मग खोलीला कुलूप लागेल. फ्लेव्हियाचा चेहरा बघवत नव्हता. आणि मला ठाऊक होतं ती फाईल कुठे आहे.

तुझं कपाट मी कधी उघडत नाही. शुक्रवारी सकाळी उघडलं. निळ्या पिशवीत सीड्या, एकीवर मार्करने "अक्षरजोड १.३". पर्समध्ये टाकून घेऊन गेले. फाईल हाताने कशी बसवायची ती आज्ञा मेव्हनने स्वतःच खाली लिहून दिली होती, चांगली दीड ओळ लांब. मी एकही चूक न करता एका दमात मारली. मग क्लीन, मग इन्स्टॉल. "बिल्ड सक्सेसफुल". फ्लेव्हियाने मला मिठी मारली. दिपेशच्या आईने आतून गरम बोंबलाची भजी पाठवली. मी दोन ज्योत्स्ना आणि एक हृषीकेश छापला, एक काना इकडचा तिकडे नाही. मला इतका आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

दुपारी सगळे जेवायला गेले. मी सीडी काढायच्या आधी तिच्यात आणखी काय आहे ते बघितलं. एका फाईलचं नाव होतं "रीड मी". फाईल स्वतः ओरडून सांगतेय मला वाचा, आणि ती दिपेशने उघडली नव्हती, फ्लेव्हियाने नाही आणि मीही नाही. इंग्रजी अक्षरांत तू मराठी लिहिलं होतंस:

"यातली जोडाक्षरांची पद्धत माझ्या आईची आहे. पहिली वेलांटी आधी, रफार शेवटी, हे सगळं तिने शिकवलं. कोणाला वापरायचं असेल तर मला विचारा. विचारलं की देईन."

मी ते तीनदा वाचलं. तू तेव्हा पंधरा दिवस मला विचारत होतास, आई मशीनवर "क्ष" कसा मारायचीस, अर्ध्या "ण"ला काना कसा लावायचीस. मला वाटायचं, पोरगा आईशी गप्पा मारतोय. तू आईचं श्रेय लिहून ठेवलं होतंस आणि मला पत्ताच नाही. मी तिथेच रडले. आणि मग लाजले, कारण आदल्या दिवशी ज्यासाठी दिपेशला झापलं तेच मी केलं होतं. तुझ्या कपाटात हात घातला, तुझी वस्तू उचलून दिली आणि तुला विचारलं नाही. आई झाले म्हणून काय झालं?

काल शनिवारी मी ती फाईल मशीनमधून काढून टाकली. कोठीतलं तिचं घर मला माहीत होतं, तिथे जाऊन पुसली. दिपेश मागे उभा होता. त्याने मला अडवलं नाही. मेव्हन आत्ता पुन्हा रुसून बसलाय आणि सीडी माझ्या पर्समध्ये आहे.

तर मी विचारतेय. अनिश, अक्षरजोड घेऊ का? तू हो म्हणालास तर तुझं पूर्ण नाव, अनिश धर्माजी शिवगण, प्रोग्राम उघडल्यावर पहिल्या पानावर येईल. ते मी टाइप करीन आणि मीच तपासीन. संस्थेच्या लोकांना दिपेश स्वतः जाऊन खरं सांगेल, तसं त्याने कबूल केलंय. तू नाही म्हणालास तर सीडी कपाटात परत जाईल आणि मी एका शब्दाने तुला काही म्हणणार नाही. दिपेशही म्हणणार नाही. मग दहा ते चार मी घरीच असेन, फोन उचलीन. पत्र बुधवारपर्यंत पोचेल. उत्तर आठवडा संपायच्या आत दे, कसंही दे, फक्त मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस.

खालची जागा दिपेशला दिली. तो आत्ता इथे जेवायला आला होता. एवढंसं लिहायला त्याने तासभर लावला. वाचल्यावर माझा हात लाल पेनाकडे जात होता, पण मी एकही चूक सुधारलेली नाही.

संचिताला आशीर्वाद.

तुला न विचारता तुझं कपाट उघडलेली,
आई


अन्या,
त्यावेली विचारायला पायजे होता, न्हाय विचारला. मग लाज वाटली म्हणून फोन पन न्हाय केला. आता विचारतोय, घेऊ का? न्हाय बोललास तरी भाईंदरला आलास की घरी ये.
दिपेश