गळ्यातल्या गाठीचा आजार

३ मे १८९५, गिरगाव.
सकाळपासून छातीत धडधड. हात कापतो, म्हणून अक्षर असे. शेजारचे कमलाकांतराव इस्पितळात कारकून होते. ते म्हणतात, गळ्यात प्रत्येकाला एक गाठ असते. ती जास्त काम करू लागली की माणूस वाळतो, घामाघूम होतो, झोप उडते. हुबेहूब मी! आरशापुढे घोट गिळून पाहावा म्हणाले. उद्या पाहीन. घाबरायचे नाही.

४ मे.
घोट गिळला. गळ्यात काहीतरी वर सरकले! कुटुंबास हाक मारली. ही हल्ली एका हाकेत येत नाही. सावकाश आली, पाहिले, घोगऱ्या आवाजात म्हणाली, अहो, तो कंठमणी, सगळ्या पुरुषांना असतो. बायकांना काय कळते!

७ मे.
उकाडा. मी उघडाबंब, ही चुलीपाशी शाल पांघरून! म्हणालो, मला चिडवतेस काय? म्हणाली, थंडी वाजते हो. वैशाखात थंडी! कालवणात मीठ दोनदा पडले. तरी दोनदा भात घेतला. या आजारात भूक वाढतेच.

१० मे.
कासारणीने हिच्या रुतलेल्या बांगड्या वाढवून मोठ्या चढवल्या. मी म्हणालो, खाऊन सुजलीस. चिडली नाही. पूर्वी एका शब्दाला चार देई. तेवढीच शांतता. उद्या डॉक्टर. हिला सोबत नेणे भाग. वाटेत मी पडलो तर?

११ मे.
डॉक्टरांनी नाडी पाहिली, गळा चाचपला. म्हणाले, काका, ठणठणीत आहात, चहा कमी करा. माणूस अननुभवी. मग कोपऱ्यात बसलेल्या हिच्याकडे पाहत राहिले. ही परक्या पुरुषाशी बोलत नाही, म्हणून मलाच विचारू लागले. निदान माझे हाल ऐकणारा कोणी भेटला! सगळे सांगितले. हाकेला येत नाही, उन्हाळ्यात शाल, दिवसा पेंगते, भातात केस, जेवते चिमणीएवढे तरी फुगते. डॉक्टर प्रत्येक तक्रारीला मान हलवीत होते.
मग म्हणाले, आजार गळ्यातल्या गाठीचाच, पण यांना. यांची गाठ थकली आहे. कधीपासून?
दोन वर्षे तरी, मी म्हणालो.
मग आणले का नाही?
म्हणालो, ही कधी बोललीच नाही.
कोपऱ्यातून घोगरा आवाज आला: बोलले होते.

१२ मे.
मेंढीच्या गळ्यातल्या गाठीची पूड देतात, गुण येतो म्हणे. विलायतेहून बोटीने यायची. तोवर काय, हे विचारायचे धैर्य झाले नाही. हिने चुलीपाशी राबायचे नाही. चूल मी पेटवली, विझली. पुन्हा पेटवली. विचारले, थंडी वाजते का? बसल्या बसल्या झोपली होती. नाकाशी बोट धरून पाहिले. श्वास चालू आहे.
थोड्या वेळाने पुन्हा पाहिले.