फोनआधीची चाळीस मिनिटं

अंबरनाथ पश्चिम
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय महिपतीदादा,

यशूचा नमस्कार. वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, भरले हंडे उचलू नकोस. ऐकणार नाहीच ती.

मी बरी आहे. कॉलेज चालू आहे. शनिवारी उल्हासनगरला कॅम्प दोनच्या शाळेत मुलांना पाऊस मोजायला शिकवते. कापलेली बाटली, पट्टी, वही. मग त्या आकड्यांवरून नदी किती चढेल ते काढायचं.

काल वैष्णवी नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, आकडा डेंजर आला तर पहिला फोन किसको करने का?" वर्ग हसला. मी घाईने तास संपवला. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी जुलैत तू मांजर्लीच्या घरून सकाळीच फोन केलास. "यशू, पानी नाल्यातून उलटा येतंय गो. आयला वर नेऊ का?" मी तोऱ्यात म्हटलं, माझ्या गणिताप्रमाणे नदी उतरणार आहे, जिन्यावरून तिचे हाल करू नकोस. तू ऐकलंस. घरातली शिकलेली ना मी!

अकरा वाजता वरच्या भागातल्या पावसाचे नवे आकडे आले. गणितात घातले, तर आपल्या ओटीवर तीन फूट पाणी. फोन हातात होता. पण चुकले तर तू हसशील, म्हणून पुन्हा तपासलं. मग तिसऱ्यांदा. चाळीस मिनिटं गेली, दादा. नंतर फोन लागला नाही. तोवर तू आईला पाठीवर घेऊन छातीभर पाण्यातून जिन्याकडे चालला होतास. अकराव्या दिवशी न्यूमोनियाने ती गेली.

तेराव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "माझ्याच हातून उशीर झाला." मी खाली मान घालून बसले. त्यानंतर घरी आले नाही. तुला वाटतं, मी रागावले. नाही रे, तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

घराची फार आठवण येते. वहिनीची तांदळाची भाकरी, ओटीवरचं तुझं मोठ्याने पेपर वाचणं, तुझ्या शिव्यासुद्धा. इथे मला कुणी यशू म्हणत नाही.

हे वाचून दार लावून घेतलंस तर मी काय बोलणार? पण वहिनी सांगते, तू रोज आईच्या फोटोसमोर माफी मागतोस. ते आजपासून बंद कर, दादा. ती माफी मी मागायची आहे. मला फक्त घरात येऊ दे.

तुझ्या एका हाकेसाठी थांबलेली,
यशू