टोपण लावलेलं पेन

प्रिय आत्या,

तुला जाऊन सात महिने झाले. आज लिहितेय, कारण एक प्रश्न अडलाय आणि त्याचं उत्तर फक्त तुझ्याकडे होतं.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांना कोणती सरकारी सेवा हवी, हे विचारायचं काम तू मुलुंडच्या केंद्रात बावीस वर्षं केलंस. आधी त्या माणसाला विचारायचं, सोबत आलेल्याला नंतर, ही पद्धत तूच पाडलीस. प्रश्न विचारला की पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवायचीस आणि गप्प बसायचीस. कॉलेजात असताना तुला डबा द्यायला आले, तेव्हा मी मोबाइलवर वेळ मोजली होती. एका बाईंनी उत्तराला चार मिनिटं दहा सेकंद घेतली.

"मधेच झोप लागते का गं तुला?" मी नंतर चिडवलं.

"तू तुझं इंजिनिअरिंग बघ."

टोपण कशासाठी, हे मात्र मी विचारलंच नाही.

तुझ्यानंतर तू विचारायचीस त्या प्रश्नांचा अर्ज संगणकावर आला. प्रोग्रॅम मी लिहिला. एका प्रश्नाला नव्वद सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर प्रश्न आपोआप सोबतच्या माणसाकडे जातो. रांग भराभर सरकू लागली. सगळे खूश. मीही.

परवा नोंदी तपासताना कुसुम सापडली. वय एकतीस. 'दिवसभर काय करायला आवडेल?' उत्तर नाही. भावाचं उत्तर: घरीच राहील. तेवढ्यावरून भांडुपच्या शिवणकामाच्या कार्यशाळेत तिच्यासाठी राखलेली जागा उद्या दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

केंद्रातल्या ताईंना सांगून आज दोघांना परत बोलावलं. भाऊ म्हणाला, "मॅडम, ती नाही बोलत हो. मला विचारा ना, पटकन होईल."

मी कुसुमलाच विचारलं. ती माझ्या हातातल्या पेनाच्या टोकाकडे बघत राहिली. तेव्हा तू आठवलीस. मी टोपण लावलं, पेन खाली ठेवलं. तिची नजर हळूहळू वर आली.

पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला. मग ती म्हणाली, "पिशव्या शिवायच्यात." आणि भावाकडे वळून, "तू बस घरी."

त्याला हसू आलं. मग त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "कधी ठरवलंस गं हे?" त्याने तिला विचारलं. मला नाही.

आत्या, तुला हे कुणी शिकवलं? की एखादी कुसुम तुझ्याही पेनाकडे अशीच बघत बसली होती? त्याआधी तुझीही काही उत्तरं हुकली होती का? मला कधी सांगितलं का नाहीस? विचारलं असतं तर सांगितलं असतंस, हे मला माहीत आहे.

कुसुमची जागा राहिली. पण 'उत्तर नाही' अशी नोंद असलेली ती एकटी नाही. उद्या वेळेची अट काढतेय. रांग लांबली म्हणून वरून बोलणी बसतील, बसू देत. त्या सगळ्यांना एकेक करून परत बोलावीन आणि समोर मी बसेन. पेन तुझंच आणलंय. टोपण जरा सैल झालंय, पण बसतं.

तुझी,
रश्मी