चंपीच्या पट्ट्याचं तिसरं भोक

मुळशी, मंगळवार, कार्तिक वद्य अष्टमी

चार दिवस वही उघडली नाही, चुकलंच माझं. पण आज चंपीच्या पोटाचा पट्टा तिसऱ्या भोकात बसला! दिवाळीआधी पहिल्यातही बसत नव्हता. दोनदा सोडून पुन्हा आवळून पाहिला.

खंडोबाची घोडी म्हणून घरोघरचा नैवेद्य खाऊन फुगली होती. चंपाषष्ठीला देवाचा मुखवटा घेऊन डोंगर चढली नाही, तर घोटावड्याची घोडी आणणार, असं पाटील म्हणाले. नैवेद्याला मी नाही कसं म्हणू? म्हणून सांगितलं, ज्याला द्यायचाय त्यानं आधी तिला खिंडीपर्यंत चालवून आणायचं, आणि पुरणपोळीऐवजी गवताची पेंढी द्यायची.

आज शेजारची धोंडाबाई धापा टाकत परतली. "आप्पा, घोडी वाळल तवा वाळल, मीच वाळले की!"

"लई बरं झालं. दोघींनाबी डोंगर चढायचाय."

पण पट्ट्याचं चामडंच ताणलं नसेल ना? उद्या सुतळीनं पोट मोजतो. तेराच दिवस उरले.

लेक सरूला मुठा गावी पत्र टाकलंय, अजून उत्तर नाही. सरू, चंपी शिंगरू असताना तूच तिला डोंगर चढायला शिकवलंस. त्या दिवशी लगाम धरायला येतेस ना? लवकर कळव गं पोरी.