वाचणारा नसताना

हिंगणघाट,
एप्रिल १९५८

प्रिय श्रावण,

वैशाखी पौर्णिमा जवळ आली आणि विहारासाठी बुद्धाचं चित्र मी टाइपरायटरच्या अक्षरांनी पुन्हा टाइप करायला घेतलं आहे. मागच्या वर्षी आपण दोघांनी केलेलं भिंतीच्या ओलीनं गेलं. पौर्णिमेलाच आष्टीचे पाहुणेही येणार आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

चौकटीच्या कागदावर तू काढलेला आलेख अजून चांगला आहे. मागे तू एकेक ओळ वाचायचास, चार मोकळे, सहा म, दोन टिंबं, आणि मी बटणं दाबायची. मला वाटायचं, मशीनवर मी बसते म्हणजे चित्र मीच काढते. आता वाचायला कुणी नाही. आलेखाकडे पाहावं तर बोट भलत्या बटणावर पडतं, बोटाकडे पाहावं तर ओळ हरवते. प्रभाकरराव सर म्हणाले, मी वाचतो. टायपिंगचा क्लास सुटल्यावर बसले बिचारे, पण कोर्टाची नोटीस सांगावी तसं वाचतात. ओळ संपली की तू बारीकसं 'हं' म्हणायचास, तेव्हा मी कॅरेज मागे ओढायची. सर 'हं' म्हणत नाहीत. मी वाट पाहत थांबते, ते पुढची ओळ सुरू करतात, आणि गडबडीत बुद्धाच्या खांद्यावर 'ठ' उमटतो.

अक्षर चुकलं की कागद फाडायचा, हा सरांचा नियम तुला माहीतच आहे. मी फाडत नाही. मागच्या वर्षी उजव्या गालावर 'ठ' पडला आणि मी रडकुंडीला आले, तेव्हा तू शांतपणे ओळ वाचत राहिलास आणि डाव्या गालाशी आल्यावर म्हणालास, "आता इथं ठ मार." चूक दोन्हीकडे सारखी झाली की ती चूक दिसत नाही, हे तुला कुठून सुचलं कोण जाणे. विहारात तानाआत्यानं चित्राला नाक लावून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन रे श्रावण, बुद्धाले दोन-दोन तीळ होते काय?" तू म्हणालास, "होते ना आत्या, तुले दर्शनाची घाई, तू पाह्यलेच नाई." आत्या अजून ते खरं धरून आहे. नव्या चित्रातही तीळ पाहिजेत म्हणून मागं लागली आहे. या वेळी ते मुद्दाम मारले.

नागपूरची कचेरी मुंबईला गेली आणि तिच्याबरोबर तू गेलास. तुझी पत्रं येतात. खोलीत चौघं जण, समुद्राची खारट हवा, साहेबाचा खोकला, सगळं कळतं. खाली 'सर्वांना जयभीम' असतं. त्या सर्वांमध्ये मी कुठे बसते ते शोधत मी पत्र दोनदा वाचते.

चित्र बुद्धाच्या हातांपर्यंत आलं आहे. तिथं आलेख बारीक आहे, म्हणून काल थांबले. आत्या शेजारी बसून म्हणाली, "त्या सरले उठव वं, तुले त्याचा आवाज चालून नाई राह्यला." तिला वाचता येत नाही, पण एवढं तिला कळलं. मला मात्र वर्ष लागलं.

आष्टीचा मुलगा शाळेत मास्तर आहे. माणसं चांगली आहेत, नाव ठेवायला जागा नाही. पौर्णिमेला ती बाबांचा शब्द घ्यायला येतील. बाबांनी मला विचारलं, तुझ्या मनात काय आहे? मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार करायचा नव्हता. जे बाबांना सांगायचं, ते आधी तुला सांगायला हवं होतं, आणि ते मी आजवर तुला बोलले नाही. तूही बोलला नाहीस. श्रावण, मला तुझ्याबरोबर राहायचं आहे. तुझ्याही मनात असेल, तर पौर्णिमेच्या आधी ये आणि बाबांशी तू स्वतः बोल. नसेल, तर तसं मला लिही, मी रागावणार नाही. आष्टीकरांना मी दोन्ही परिस्थितीत नाहीच म्हणणार आहे. फक्त ते म्हणताना मी एकटी असेन की नाही, तेवढं मला आधी कळू दे.

हा शब्द पहिल्यांदाच लिहिते आहे,
तुझीच
कांता