पाहुण्याविना जिताडा

प्रिय मृणू,

अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग एक फिर्याद.

फिर्यादी दत्तात्रेय, वय पन्नाशीच्या पलीकडे, धंदा संस्कृत शिकवणे, म्हणजे जवळजवळ बेकार. आरोपी तुझी आई. गुन्हा असा की दिवाळीनंतर या घरात जेवढे म्हणून वाळल्या कोळंबीचे सोडे आले, ते सगळे तिने स्टीलच्या मोठ्या डब्यात भरले आणि झाकणाला चिकटपट्टी लावून तुझ्या नावे राखून ठेवले. वांग्यात सोडे नाहीत, भातात सोडे नाहीत. मी नुसता डब्यापाशी उभा राहिलो तरी चुलीकडून खाकरल्याचा आवाज येतो. कारण काय, तर 'मृणालीला परदेशी न्यायला'. कोणता देश तुला घेणार ते अजून ठरलेलं नाही. विमानात सोडे चालतात की नाही हे तर कुणालाच ठाऊक नाही. पण मसाला कुटून झाला आहे, सोडे निवडून झाले आहेत, फक्त विमान यायचं बाकी आहे. मी तिला एवढंच म्हणालो की बाई, स्तोत्र म्हणण्याआधी फलश्रुती वाचू नये. त्यावर या विदुषीचं उत्तर: "भाजीत सुकट हाय, गप खा." न्याय मागायचा तर आता तुझ्याकडेच.

तू म्हणशील, फोन असताना बाबांना पत्राची हुक्की का आली. मितेशनेही तेच विचारलं. तो उद्या ट्रेलर घेऊन चाकणला निघालाय, म्हणून हे पाकीट तुझ्या या चुलतभावाच्या हाती देतो आहे. त्याने ते दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "काका, व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं काय?" मी त्याला म्हटलं, काही गोष्टी फोनवर बोलायला लागलो की माझा आवाज आपोआप भारदस्त होतो आणि मग मी काय बोलतो ते मलाही खरं वाटू लागतं. त्याला ते कळलं नाही. तुला कळेल, कारण त्या आवाजाचा सगळ्यात जास्त उपद्रव तुलाच झाला आहे.

शनिवारी तू विचारलंस, बाबा, गुरुवारची मुलाखत देऊ का नको? तीन ठिकाणांहून नकार आले, आता एकटे ते नेदरलँड्सवाले उरले, तेही नाहीच म्हणणार. मग त्यांच्यासमोर बसून आणखी एकदा कशाला हसं करून घ्यायचं? मी म्हणालो, तुझ्या मनाला पटेल तसं कर. आणि पुढे, जाता जाता, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात सांगितलं की चंदर म्हणत होता, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायला माणूस हवा आहे. तुझा काका तसं म्हणाला होता हे खरं. पण तो दिवाळीतच म्हणाला होता. ते वाक्य मी इतके महिने जपून ठेवलं आणि नेमकं शनिवारी बाहेर काढलं.

चंदरचं सोड. चिखलाचा अभ्यास करायला पोरगी परदेशी कशाला जाते, आपल्याकडं चिखल कमी हाय काय, हा त्याचा आवडता विनोद आहे आणि तो अजूनही तो नवा असल्यासारखा सांगतो. मला मात्र तुझा डबा आठवतो. तू तिसरीत की चौथीत असशील. शाळेच्या डब्यातून तू खाडीचा गाळ घरी आणलास आणि काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून ठेवलास. संध्याकाळपर्यंत जाड वाळू खाली, त्यावर बारीक, त्यावर लोण्यासारखा काळा थर, असं सगळं आपापल्या जागी बसलं. तू मला हाताला धरून नेलंस आणि विचारलंस, बाबा, कोणी खाली बसायचं आणि कोणी वर, हे त्यांना कोण सांगतं? मी शास्त्री माणूस, मी लगेच काहीतरी तत्त्वज्ञान सांगितलं. तू ते ऐकून घेतलंस आणि पुन्हा बरणी ढवळलीस. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की माझ्या उत्तरांवर तुझं भागणार नाही.

तुझ्या खोलीतल्या अमिषाने मला फोन केला होता. तिच्यावर रागावू नकोस, पोर घाबरून बोलत होती. ती म्हणाली, तू फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवतेस, मेल आलेला दिसू नये म्हणून, आणि मग भात लावायचाय असं सांगून दिवसभर डबा उघडत बसतेस. "काका, आम्ही किती भात खाणार?" असं म्हणाली. आम्ही दोघं हसलो. मग तिने सांगितलं की विंचरताना हातात येणारे केस तू कागदात गुंडाळून टाकतेस, तिला दिसू नयेत म्हणून. यावर कुणी हसलं नाही. तुझ्या आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, मला ठाऊक आहे. दिवाळीत इथल्या न्हाणीघराची जाळी तीच साफ करत होती.

आणि ते नकार! इतकी गोड भाषा मी काव्यात वाचली नाही. अर्जांची संख्या अभूतपूर्व होती, निर्णय अत्यंत कठीण होता, तुमच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. इतकी वर्षं मी पोरांना नापास करतो आहे, पण कुणाला शुभेच्छा द्यायचं मला सुचलं नाही. नाही तर पोरं बाकावर बसून विचार करत राहिली असती, की मग आपण पास झालो की काय.

तू ओळखलं असशीलच की मी मुख्य विषय टाळतो आहे. वर्गातही मी तो घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटं काढतो.

तिसरा नकार आला त्या दुपारी तू फोन केलास. तुला नीट बोलता येत नव्हतं. मी तुला एक सुभाषित सांगितलं, त्याचा अर्थ सांगितला, वेळ येते तेव्हाच फळ पिकतं वगैरे सांगितलं. माझा आवाज शांत होता, खोल होता, देवळाच्या गाभाऱ्यातून यावा तसा होता. तू नाक ओढत म्हणालीस, बाबा, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं. मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि कोथिंबीर आणायला बाजारात गेलो.

येताना माझ्या हातात जिताडा होता.

कसा आला ते मला सांगता येत नाही. जनी कोळणीच्या पाटीत तो पडला होता, चांगला हातभर लांब, डोळे लाल. मी थांबलो. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, जावय येतंय काय?" मी हसलो. मी भावसुद्धा केला नाही, मृणू. जनी इतकी दचकली की तिने आपण होऊन मूठभर करंदी वर घातली. मी पिशवी घेऊन निघालो, आणि वाटेत माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतो आहे.

आई दारातच होती. फोनवरचं तिने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे अजून ओले होते. तिने पिशवीत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिने विचारलं, "पावना कोन येनार हाय?"

आपल्या घरात जिताडा उगीच येत नाही, हे तुला मी सांगायला नको. तो आला की कुणीतरी आलेलं असतं, नाहीतर काहीतरी चांगलं झालेलं असतं. त्या दुपारी आपल्याकडे कुणी आलं नव्हतं. झालं होतं ते एवढंच की माझ्या मुलीला तिसऱ्यांदा नाही म्हणाले होते. मी म्हणालो, "स्वस्त मिळाला." जिताडा कधी स्वस्त मिळाल्याचं या पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नाही. तिने तो साफ केला, कालवण केलं, तुकड्या तळल्या, काही म्हणजे काही कमी केलं नाही. वाढताना डोकं माझ्या ताटात ठेवलं, जावयाला ठेवतात तसं, आणि म्हणाली, "खा. मान तुमचा हाय आज." ती स्वतः लोणच्याशी भात जेवली. मी खाल्लं, मृणू. लाज अशी वाटत होती की घास उतरू नये. पण तो उतरला, आणि चव लागली. चिकटपट्टीचं खरं कारणही आता तुला सांगतो. सोडे तोवर उघड्याच डब्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ती पट्टी लावली. तेव्हा वरची फिर्याद मी मागे घेतो.

त्यानंतर मला तुझ्या आज्याचा जिताडा आठवत राहिला आहे. मला पुण्याला एम. ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा त्याने तळ्यात वर्षभर राखलेला मासा काढला होता. मिठागरावरून आला तसाच, पाय पांढरे, तो तळ्यात उतरला. संस्कृत म्हणजे काय हे त्याला मरेपर्यंत समजलं नाही. मी जाऊ नये असंच त्याला वाटत असणार, कारण मी गेल्यावर मीठ ओढायला तो आणि चंदर दोघंच राहणार होते. पण माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "खा रं पोटभर, पुन्यान तुला वरनभातच मिलंल." आणि स्वतःच हसला. मी त्याच्याइतका शिकलो नाही म्हणायचा.

दिवाळीपासून दोन महिने तू इथे ओटीवर लॅपटॉप घेऊन बसलीस. स्वतःविषयी चार चांगली वाक्यं लिहायची म्हणून तुला हुंदके यायचे. तू मला विचारायचीस, बाबा, हे फार बढाईखोर वाटतं का? मला ते इंग्रजी धड कळायचं नाही, तरी मी चष्मा लावून गंभीरपणे वाचायचो आणि कुठेतरी एक स्वल्पविराम हलवायचो. मी चहा आणायचो. तू जेवणावरून उठून जायचीस तर मी मागून ताट घेऊन यायचो. घास तुझ्या हातात द्यायचो, लहानपणी द्यायचो तसा. तू अकरावीला बाहेर पडलीस त्यानंतर तुला माझी अशी गरज पहिल्यांदा पडली होती. तुझ्या आयुष्यातले ते सगळ्यात वाईट दोन महिने असतील. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले होते. तू पुण्याला परत गेलीस त्या दिवशी मी ओटीवर बसून तुझ्या पाठीची उशी सरळ केली आणि मनात म्हटलं, होईल काहीतरी, येईल परत. तेव्हा मला वाटलं ही आशा आहे. ती कशाची आशा होती ते मला जनीच्या पाटीपाशी कळलं.

म्हणून शनिवारचं माझं उत्तर तू धरू नकोस. ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे त्याची साक्ष कुठल्याही शास्त्रात चालत नाही. मुलाखत द्यायची की नाही हे तुझ्या आईला विचार. ती तुला सुभाषित सांगणार नाही, पण तिने सोड्यांचा डबा अजून उघडलेला नाही. अमिषाला विचार. त्या बरणीतल्या गाळाला विचार. फार थकली असशील, खरोखरच पुरे झालं असं वाटत असेल, तर थांब. त्यात कमीपणा नाही आणि घर तुझंच आहे. पण माझ्या त्या खोल आवाजाला भुलून थांबू नकोस. तो आवाज तुझं दुःख हलकं करत होता हे खरं, पण तो इतका शांत राहू शकला, कारण माझ्याकडे दुःख नव्हतं.

हे सगळं लिहिलं ते तुझी माफी मागण्यासाठी नव्हे. गुरुवारच्या आत तुला कळावं म्हणून लिहिलं. नाहीतर तू यार्डाच्या ऑफिसात बसशील, चंदरचा विनोद रोज ऐकशील, आणि संध्याकाळी मी चहा घेऊन येईन. मला एवढीच भीती वाटते, मृणू, की तू बॅग घेऊन दारात उभी असशील, थकलेली, हरलेली, आणि माझ्या तोंडावर आनंद असेल. मी तो लपवू शकणार नाही.

तुझाच बापूस,
दत्तात्रेय