सात घरांचं बहुमत

४ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
शेवटी लक्षात आलं. उश्बा कॉइन या डिजिटल नाण्याचं जगात जेवढं मायनिंग चालतं, त्यातलं निम्म्याहून जास्त आमच्या गावातल्या सात घरांत चालतं. म्हणजे नियम आपले. आज हिशेबाच्या साखळीत एक ब्लॉक जोडला की दहा नाणी मिळतात, आपण पन्नास करायची. इतकं सोपं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं.

५ ऑक्टोबर
बाकीची सहा घरं ऐकेनात. मग देवळात सेंट जॉर्जच्या प्रतिमेवर हात ठेवून शपथ घेतली, की नियम बदलेल. आमच्या डोंगराळ स्वानेतीत अशा शपथेनंतर कुणी प्रश्न विचारत नाही. शपथ खोटी ठरली तर सात पिढ्या भोगतात. पण ठरेल कशी? बायको, मारेख, लगेच देवळात मेणबत्ती लावून आली. तिला टेक्नॉलॉजी कळत नाही.

७ ऑक्टोबर, दुपार
सातही घरांत नवा प्रोग्रॅम चालू. पहिल्याच ब्लॉकला पन्नास! देवळाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आर्सेनकाकांनी घरची दारू पाजली. संकल्प: यापुढे नम्र राहायचं.

८ ऑक्टोबर
नाणी खाली शहरात, झुगदिदीला, मेव्हणीच्या, नानुलीच्या दुकानात पाठवली. नाण्यांच्या बदल्यात लारी, म्हणजे रोख पैसे, नेहमी तीच देते. तिच्या कॉम्प्युटरने आमचा ब्लॉक फेकून दिला म्हणे. व्हायरस असणार.

९ ऑक्टोबर
नानुलीला फोनवर दोन तास बहुमत समजावलं. ती म्हणाली, "भावजी, गावातल्या सगळ्या गवळ्यांनी ठरवलं की आठशे ग्रॅम म्हणजे किलो, तरी चीज मी माझ्याच तराजूवर तोलणार ना?" म्हणे नाणं घेणाऱ्या प्रत्येकाचा कॉम्प्युटर नियम स्वतः तपासतो, मायनिंग करणारे कितीही असोत. चार बुकं शिकली की माणसं अशी बोलतात.

१२ ऑक्टोबर
कुताइसी, बटुमी, सगळ्या शहरांत नकार. तशी शपथ खरीच आहे. नियम बदलला, घेणारे तेवढे बदलले नाहीत. सेंट जॉर्जला हे पटेल का?  दोन दिवस देवळासमोरून न जाता लांबून फिरून जातो.

१४ ऑक्टोबर
सहाही घरं जुन्या नियमावर परत गेली. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. माझ्या साखळीवर आता मी एकटा, बहुमत शंभर टक्के. शाळेत आमच्या तेक्लेच्या शेजारी कुणी बसत नाही. शपथ मोडणाऱ्याची पोर म्हणतात तिला. खूप भीती वाटते. मशीन बंद करावंसं वाटतं आणि हात होत नाही.

१५ ऑक्टोबर
आर्सेनकाकांचे पाय धरले. ते म्हणाले, "मुर्झा, एकच वाट आहे. बारा जणांनी प्रतिमेवर हात ठेवून सांगायचं, की हा लबाड नाही, नुसता मूर्ख आहे. मग तुझ्या घरावरचा शपथेचा शाप सुटेल." बारा कुठून आणू? रस्त्यात कुणी मान वर करून बघत नाही. तिघंचौघं आली तरी खूप.

१७ ऑक्टोबर, रविवार
एकोणचाळीस जण आले. नानुली पहाटेच्या गाडीने झुगदिदीहून आली. सगळ्यांनी शपथ घेतली, एकही जण अडखळला नाही. रांगेत पहिली मारेख होती. एकदा म्हटलं की पुरे, असं काका म्हणाले, तरी तिने दोनदा म्हटलं.